डावीकडचा क्लच

त्या गुरुवारी सकाळी मी पायात बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभी होते. मंगल यायची होती. ती कधी उशीर करत नसे. उलट ठरल्या वेळेच्या आधीच येऊन कोपऱ्यावर थांबायची आणि मी फाटकात दिसले की मगच पुढे यायची, म्हणजे ‘मी तुझी वाट पाहिली’ असं मला कधी म्हणता येऊ नये. त्या दिवशी कोपरा रिकामा होता. दूधवाला येऊन गेला. शेजारच्या बाई फिरून परत आल्या आणि माझ्या बुटांकडे बघत ‘आज पण का?’ असं विचारून आत गेल्या. मंगल आली की तिला काय काय सुनवायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात फोन वाजला. तिच्या भाच्याचा, सागरचा. “मावशी, आत्या उठली नाही,” तो म्हणाला. मला वाटलं झोप लागली असेल. मी म्हटलं, “मग उठव तिला, मी केव्हाची उभी आहे इथं.” पलीकडून काहीच आलं नाही… बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग मला कळलं.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, तुमची ही मैत्रीण कोण होती. मी सांगते, नाशिकरोडला ड्रायव्हिंग स्कूल चालवायची ती मंगल. तेवढ्यावर निम्म्या जणांची ओळख पटते, कारण नाशिकरोडच्या कितीतरी बायकांना आणि देवळाली कॅम्पातल्या फौजींच्या घरच्यांना गाडी तिनंच शिकवली. माहेर मखमलाबादचं. फुलांचा मळा, शेवंती, झेंडू, ॲस्टर, आणि कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. लग्न होऊन ती नांदगावला गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. का आली, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी आडवळणानं पुष्कळदा विचारून पाहिलं, दर वेळी उत्तर एकच, “हवा मानवली नाही.” परत आली ती रिकामी बसली नाही. तिच्या थोरल्या भावाला टेम्पो चालवायचा मनापासून कंटाळा, म्हणून पहाटे फुलांच्या करंड्या भरून बाजारात न्यायचं काम हिनं अंगावर घेतलं. टेम्पो चालवणारी बाई म्हणून लोक थांबून बघायचे. बघणाऱ्यांतलीच एक बाई एक दिवस पुढे झाली आणि म्हणाली, मला शिकवशील का. अशी तिची शाळा सुरू झाली.

माझी आणि तिची गाठ पडली ती विद्यार्थिनी आणि मास्तरीण म्हणून. मी तेव्हा नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या यजमानांनी हौसेनं गाडी घेतली होती आणि स्वतः शिकायचा आळस असल्यामुळे मला पाठवलं होतं. मला गाडी आली नाही. स्टेअरिंग जमलं, आरसे जमले, पण क्लच सोडायची वेळ आली की माझा पाय घाबरायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. महिना संपला तेव्हा मंगलनं मला जेल रोडच्या एका रसवंतीवर नेलं, उसाचा रस पाजला आणि सांगितलं, “बाई, तुम्हाला गाडी यायची नाही. पण येत जा. तुमच्याशी बोलताना वेळ बरा जातो.” एवढं सरळ मला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. मी जात राहिले. ‘बाई’ची ‘सुधा’ कधी झाले, तेही आता आठवत नाही.

शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो, हे गाडी शिकलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मंगलचं सगळं आयुष्य त्या डाव्या सीटवर गेलं. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात, आणि गटारात जायचं की नाही ते हिच्या पायात. समोर म्हैस यायची, शिकणारी बाई डोळे मिटून घ्यायची, मंगल आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची आणि गाडी म्हशीच्या शेपटीपाशी थांबायची. मग ती बाई डोळे उघडून म्हणायची, थांबवली बरं का मी. मंगल म्हणायची, छान थांबवलीत. मी एकदा तिला म्हटलं, खरं काय ते सांगत का नाहीस? तर म्हणाली, “खरं सांगितलं तर परत गाडीत बसतील का त्या?”

या बाईच्या डोक्यात स्पोर्ट्‌स कार कुठून शिरली, ते मला नेमकं माहीत आहे. देवळालीला कुणा अधिकाऱ्याकडे पाहुणे आले होते, त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बुटकी, लांब नाकाची, वरचं छप्पर मागे दुमडून ठेवलेली आणि दोनच माणसांची. मंगलनं शिकवणी मध्येच थांबवली आणि खाली उतरून त्या गाडीभोवती एक फेरी मारली. तिची विद्यार्थिनी म्हणाली, अहो, पण हिला मागची सीटच नाही. मंगल म्हणाली, “म्हणजे मागून कुणी बोलायला नको.” हे तिनंच मला संध्याकाळी हसत हसत सांगितलं. मीही हसले. पुढे वर्षानुवर्षं ती त्या गाडीबद्दल बोलत राहिली, लोक काश्मीरबद्दल बोलतात तसं, जाऊ कधीतरी.

मग तिला साखरेनं धरलं. साखर आमच्या वयात कुणाला नसते, पण मंगलची साखर पायांत उतरली. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून तळपायावर कापूस फिरवला आणि विचारलं, कुठं लागतोय. मी तिथं बसले होते. उजव्या पायाची उत्तरं पटापट आली. डाव्या पायाचा कापूस अंगठ्यापासून टाचेपर्यंत गेला आणि मंगल आपली वाट बघत होती, कधी फिरवतायत म्हणून… डॉक्टर म्हणाले, हे परत येत नाही, जपायचं. गाडी हळूहळू बंद करावी लागेल. जिन्यावरून मंगल पायरी पायरी बघत उतरली. खाली आल्यावर म्हणाली, “सुधा, गाडी बघायला जायचं. आता.” त्याच सुमारास मळ्याचा एक तुकडा रस्त्यात गेला होता आणि भावानं आलेल्या पैशांतला तिचा वाटा न मागता तिला दिला होता. स्कूल तिनं बंद करून टाकलं आणि मळ्यावर राहायला गेली.

त्या गाडीच्या दोन पिढ्या होत्या. पिढ्या हा शब्द माझा नाही, कंपनीचा. मंगलच्या डोक्यात बसली होती ती जुनी पिढी. हातानं गिअर टाकायची, पायानं क्लच दाबायची. नवी पिढी आली तिला क्लचच नव्हता, सगळं आपोआप. शहाण्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय होतं? डावा पाय जातोय आणि बाजारात डाव्या पायाला काहीच काम नसलेली गाडी आलीय. सागरनं मोबाइलवर नवीचे फोटो दाखवले, भावानं मान हलवली, मीही तोंड भरून सांगितलं, नवी घे. माझं मन स्वार्थी होतं हेही सांगून टाकते. गाडी कुठली का असेना, मला मंगल सुखरूप हवी होती.

कंपनीचा माणूस मुंबईहून नवी गाडी घेऊन नाशिकला यायचा होता, हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात. आम्ही तिघं गेलो. गाडी देखणी होती, नाकारत नाही. दोनच जागा, म्हणून तो माणूस डावीकडे बसला, मंगल उजवीकडे, आणि सागर नि मी हॉटेलच्या हिरवळीवर उभे राहिलो. तो पोरगा निघण्याआधी म्हणाला, “मॅडम, ओल्ड जनरेशन आणि न्यू जनरेशनमध्ये खूप फरक आहे.” मंगल म्हणाली, “आमच्याही घरात आहे.” फेरी मारून आली तेव्हा मात्र तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बिनसलेलं होतं. तो पोरगा उत्साहानं सांगत होता की वाटेत एक रिक्षा एकदम आडवी आली आणि मॅडमनी पाय ठेवायच्या आधी गाडीनं स्वतःच ब्रेक मारला. सागर म्हणाला, भारीच. मंगलनं त्या पोराचे आभार मानले, किल्ली परत दिली आणि आम्ही निघालो.

द्वारका चौकापाशी चहाला थांबलो तेव्हा ती बोलली. “डावीकडे दोघं जण बसले होते सुधा. एक तो पोरगा आणि एक कोणीतरी.” मला कळेना. तर म्हणाली, “मी ब्रेक मारणारच होते. माझा पाय निघाला होता. आणि माझ्या आधी मारला कुणीतरी… मी शिकणाऱ्या बायकांना जे करायचे, ते त्यानं मला केलं.” मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, जीव वाचतो. ती म्हणाली, “चांगलंच आहे. मी वाईट कुठं म्हणते? पण सगळा जन्म मी दुसऱ्यांचे ब्रेक मारले. मला एकदा अशी गाडी चालवायची आहे, जिच्यात दुसऱ्या कुणाच्या पायाखाली ब्रेक नाही. गटारात गेले तर मी जाईन आणि थांबले तर मी थांबेन.” सागरनं माझ्याकडे बघितलं, मी चहात बघितलं.

जुनी मिळाली सटाण्याला. एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेतली होती, तो परदेशी गेला आणि गाडी कांद्याच्या चाळीशेजारी ताडपत्रीखाली झाकून पडली. आम्ही गेलो तर मुलगी बघायला आल्यासारखी तयारी. सतरंजी, पोहे, वर चहा. घरच्यांनी साहजिकच सागरला गिऱ्हाईक समजून त्याच्यापुढे बशी आधी ठेवली. मुलाची आई मात्र प्रामाणिक निघाली. माझ्याजवळ येऊन, गाडीतल्या दोन जागांकडे बोट दाखवत हळूच अहिराणीत म्हणाली, “गाडी चांगली शे वो माय, पन बठाले जागाच नई.” मंगलनं पोहे संपवले, पदर खोचला आणि उजवीकडच्या दारातून आत बसली तेव्हा कुठं त्या घराला उलगडा झाला. तिनं गाडी सुरू केली नाही. नुसता क्लच दाबला, सोडला, परत दाबला. डोळे मिटून. मला डॉक्टरांचा कापूस आठवला आणि मी दुसरीकडे तोंड केलं. ती खाली उतरली आणि म्हणाली, “लागतोय. अजून लागतोय.”

आता फक्त घरी सांगायचं राहिलं होतं आणि दिवस होते पितृपक्षाचे. तिच्या भावाला सगळे भाऊच म्हणतात, मीही. भाऊ ओट्यावर सुतळी वळत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पक्ष चालू हाय. पक्षात गाडी घेत्यात का कुठं? दसऱ्याला घे. अन घ्यायचीच तर नवी घे, लय चांगली हाय म्हणतोय सागर.” मला वाटलं, संपलं, दसऱ्यापर्यंत तिचं मन बदलेल. पण मंगल त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं सुतळीचं दुसरं टोक धरलं. म्हणाली, “भाऊ, दसऱ्याला आपल्या घरात कधी कुणी काही घेतलंय?” खरंच होतं ते. दसऱ्याला सगळं नाशिक गाड्या घेतं आणि त्या गाड्यांना झेंडूच्या माळा लागतात, म्हणजे त्या दिवशी या घराला पाठ टेकायला फुरसत नसते. यांना सवड मिळायची ती पक्षातच, फुलाला उठाव नसताना. मंगल पुढे म्हणाली, “बाबांनी टेम्पो कधी आणला? पक्षातच ना? आजी चिडली तेव्हा काय म्हणाले होते?” भाऊंनी सुतळी खाली ठेवली आणि जरा हसले. “म्हणाले, जुनाच हाय, जुन्याला पक्ष नसतो.” त्यांच्या घरातलं हे शास्त्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कुठल्या पोथीत सापडणार नाही, पण त्यानं काम झालं. भाऊ उठता उठता म्हणाले, “लिंबू मात्र ठेव चाकाखाली.”

गाडी आली आणि आमचे गुरुवार सुरू झाले. इतकी पळणारी गाडी मंगल अशी चालवायची की मागून येणारे भाजीचे टेम्पो वैतागून हॉर्न वाजवायचे. छप्पर मागे घ्यायचं, दोघींनी डोक्याला रुमाल बांधायचे आणि गंगापूर रोडनं गिरणारे गावाकडे सावकाश. कॉलेजची पोरं मोटारसायकलवरून फोटो काढायची. एकानं ओरडून विचारलंही, “आजी, दुसऱ्या गिअरमध्येच अडकली काय?” मी म्हटलं, अगं, एवढी गाडी घेतलीस ती बैलगाडीसारखी हाकायला? तर म्हणायची, “पळते हे माहीत आहे ना आपल्याला, मग झालं.” एकदाच पळवली. गिरणाऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे टोमॅटो. तिनं मला विचारलंही नाही. इंजिनाचा आवाज बदलला, माझी पाठ सीटला चिकटली, मी देवाचं नाव घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. तोंड किंचित उघडं, डोळ्यांत पाणी, ते वाऱ्याचं की कसलं ते देव जाणे. पुढं वळण आलं आणि तिनं ब्रेक मारला, तिनंच, वेळेवर. एवढं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर फार वेळा बघितलेलं नाही.

दिवाळी गेली आणि डावा पाय दगा देऊ लागला. गिरणाऱ्याच्या चौकात एकदा गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. अगदी माझ्या जुन्या उडीसारखी. मागे हॉर्न सुरू झाले. मंगल खाली पायाकडे बघत होती. म्हणाली, “कुठं आहे तेच कळत नाही. पेडलवर आहे का खाली आहे…” मी बघून सांगितलं, पेडलवर आहे. तिनं गाडी कशीबशी बाजूला घेतली. बाहेर टोमॅटोच्या क्रेटांची चढउतार चालली होती. मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, आता ती नवी घे, मंगल. काय हरकत आहे? मारू दे तिला एखादा ब्रेक. ती म्हणाली, “नको.” आणि त्यानंतर सागरला बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवर एका मित्राच्या मागे बसून आला आणि गाडी घेऊन गेला. आम्ही दोघी बसनं परतलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली; मी बोलले असते तर रडले असते.

मला वाटलं, हे इथं संपलं. पुढच्या गुरुवारी सकाळी फाटकाबाहेर हॉर्न. जाऊन बघते तर सागर गाडीतून उतरतोय आणि मंगल वळसा घालून उजवीकडे येतेय. मला म्हणाली, “चपला काढ, बूट घाल, आणि बस.” मी डावीकडे बसले तर पायापुढे एक पेडल. तिच्या स्कूलच्या गाड्यांचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून तिनं ते बसवून घेतलं होतं. त्याला वाटलं, बाई पुन्हा शाळा काढतायत, म्हणून त्यानं बसवायला ब्रेकही काढून ठेवला होता. ही म्हणाली, ब्रेक नको, फक्त क्लच. सागर सांगत होता की मिस्त्रीनं तीनतीनदा विचारून घेतलं, आणि तरी शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की बाईंची काहीतरी चूक होतेय. दोन्हीकडचे क्लच एका दांडीनं जोडलेले; एक दबला की दुसरा आपोआप दबतो.

मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. मला क्लच येत नाही हे सगळ्या जगात तुलाच पक्कं माहीत आहे. मंगल म्हणाली, “तेव्हा तुझे हात, पाय, डोळे सगळे एकदम घाबरायचे. आता फक्त एकच पाय घाबरेल. बाकीचं मी बघते.” मी म्हटलं, पोलिसानं धरलं तर? म्हणाली, “सांगेन, शिकवणी चालू आहे. त्याला काय कळणार, शिकणारी कोण ते.”

पहिल्या दिवशी आमच्याच गल्लीतून बाहेर पडायला आम्हाला इतका वेळ लागला की शेजारच्या बाईंनी खुर्ची आणून दारात टाकली. मंगल म्हणायची, दाब, मी दाबायचे. ती गिअर टाकायची आणि म्हणायची, सोड… हळू… हळू. मी सोडायचे, गाडी आचका द्यायची, आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिनं मला सांगितलं की माझ्या पायाकडे बघू नकोस आणि माझ्याकडेही बघू नकोस. “इंजिन सांगतं. आवाज चढून चढून आता पुरे म्हणायला लागला की दाबायचं. क्लच कानानं दाबायचा असतो, सुधा.” हे तिनं मला त्या जुन्या काळी का सांगितलं नाही, म्हणून मी भांडले. ती म्हणाली, तेव्हा सांगितलं होतं, तू बोलत होतीस.

आणि मला ते जमलं. साठी उलटल्यावर, दुसरीच्या गाडीत, डावीकडे बसून. गाडी आणायला-न्यायला सागर असायचा, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी आम्ही दोघी धुक्यातून निघायचो. हळूहळू तिचं ‘दाब’ कमी झालं, मग ‘सोड’ही कमी झालं. आवाज चढायचा, माझा पाय जायचा, तिचा हात गिअरवर यायचा, आणि गाडी पुढच्या गिअरमध्ये अशी सरकायची की एकाच माणसानं टाकलाय असं वाटावं. आम्ही बोलत असू तर बोलणंही तुटायचं नाही. कधी कधी माझा पाय जायच्या आतच माझ्यापुढचं पेडल आपोआप खाली जायचं. मी तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, “आज लागतोय जरा.” त्या दिवशी मी पाय मागे घेऊन बसायचे आणि मला आनंद व्हायचा, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटायचं. मी मुलं वाढवली, शाळेत वर्गच्या वर्ग सांभाळले, पण माझ्यावाचून एखादी गोष्ट पुढे सरकतच नाही, असं मला त्या गाडीत जितकं वाटलं तितकं कुठंच नाही. ब्रेक मात्र माझ्या बाजूला नव्हताच. तो तिचा होता. भीती वाटली तर मी डोळे मिटायचे, तिच्या सगळ्या विद्यार्थिनींसारखे.

असे गुरुवार फार मिळाले नाहीत. शेवटच्या बुधवारी रात्री तिनं भावजयीला माझ्यासाठी शेवंतीची वेणी करून ठेवायला सांगितलं होतं, सकाळी निघताना न्यायला. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी गेले तेव्हा तिचे पाय चादरीबाहेर होते. मी डाव्या पायाला हात लावला. तो नेहमीसारखाच गार होता, म्हणून क्षणभर मला काहीच झालेलं नाही असं वाटलं.

दिवसकार्य झालं. गाडी मळ्यावर फुलांच्या करंड्यांशेजारी उभी राहिली. मी जायचं टाळत होते. गुरुवारी सकाळी चहा करायला नको वाटायचं, आणि रस्त्यानं एखादी रिक्षा चढावर गिअर बदलायला उशीर करू लागली की माझा डावा पाय फरशीवर दाबला जायचा. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोकांनी सांत्वन केलं असतं, आणि मला सांत्वन नको होतं, मला मंगल हवी होती. आजही हवी आहे.

मागच्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. “गाडी उभी राहून खराब होईल. सागर फिरवून आणतोय. तुमी जा संगं. तिला बरं वाटंल.” सागर न्यायला आला. छप्पर त्यानं मागे घेतलेलं होतं. मी डावीकडे बसले. सागरनं किल्ली फिरवली, आपल्या बाजूचा क्लच दाबला, आणि माझ्या बुटाखालचं पेडल खाली गेलं. एकदम, नेहमीसारखं. माझ्या तोंडून निघून गेलं, “लागतोय का गं आज?”… सागरनं इंजिन बंद केलं. तो पोरगा स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. माझं रडू आवरल्यावर मग म्हणाला, “मावशी, हे पेडल काढून टाकू का? मिस्त्री म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे.”

मी नको म्हटलं. आणि म्हटलं, तू क्लचला पाय लावू नकोस. तुझा पाय बाजूला ठेव, मी दाबते. त्याला आधी कळलं नाही, मग कळलं. “तुम्ही कधी दाबणार ते मला कसं कळेल?” मी म्हटलं, ऐक, म्हणजे कळेल.

गल्ली ओलांडून आम्ही गंगापूर रोडला लागलो. पहिल्या गिअरचा आवाज चढत गेला, चढत गेला, पुरे म्हणायला लागला. मी दाबलं. गिअर पडला. मी सावकाश पाय उचलला आणि गिरणाऱ्यापर्यंत उजवीकडे बघितलं नाही.